जगात जर्मनी, पण परभणी कुठे आहे?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर ज्या ऐटीत उच्चारतात, तीत गर्व किती आणि स्वतःचीच थट्टा किती, याचा निवाडा आजवर कोणी केलेला नाही. तिची उपपत्ती सांगणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची उपपत्ती निराळी आहे. परंतु गेल्या आठ-दहा वर्षांत ही म्हण एका अनपेक्षित अर्थाने खरी ठरली आहे. गंगाखेड किंवा जिंतूरच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या तरुणाला जर्मनीने २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलला ७-१ असे कसे लोळविले, आणि तोच संघ २०१८ व २०२२ साली पहिल्याच फेरीत कसा गारद झाला, हे तोंडपाठ असते. दिल्लीत कोण कोणाला काय बोलले, हेही त्याला दिवस मावळण्यापूर्वी कळलेले असते. मात्र आपल्या पंचायत समितीच्या मागच्या बैठकीत काय ठरले, बाजार समितीत कापूस हमीभावाने गेला की व्यापाऱ्याने खेडा खरेदीत पाडून नेला, हे विचारले तर तो गप्प होतो. जर्मनी त्याच्या खिशात आहे. परभणी कुठे आहे?

या प्रश्नाची दोन ठराविक उत्तरे दिली जातात आणि दोन्ही फसवी आहेत. पहिले उत्तर वडीलधाऱ्यांचे. मुले बिघडली, वाचन संपले, मोबाईल फेकून द्या, असा उपदेश ते करतात. सकाळी उठून पन्नास जणांना सुप्रभाताची फुले आणि दुपारी इतिहासाची खोटी पाने पाठविणारेही पुष्कळदा हेच वडीलधारे असतात, ही गोष्ट बाजूला ठेवू. पण मोबाईल फेकायचा कोणी? शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद सातबाऱ्यावर करायची तर २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप लागते. २०२५ च्या हंगामात कापूस महामंडळाला कापूस विकायचा तर ‘कपास किसान’ या ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. लाडक्या बहिणींना आपण जिवंत आणि पात्र आहोत हे पटविण्यासाठी याच पडद्यासमोर बसावे लागले. शासनानेच ज्या वस्तूवाचून नागरिकाचे पान हलू नये अशी व्यवस्था केली, त्या वस्तूचा त्याग करण्याचा उपदेश गरिबाला करणे हे ढोंग आहे.

दुसरे उत्तर उत्साही मंडळींचे. त्यांच्या मते प्रत्येकाच्या हाती छापखाना आला, प्रत्येक जण वार्ताहर झाला, आणि लोकशाही तळापर्यंत झिरपली. ही गोष्ट ते इतक्या वेळा सांगतात की ती तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. परभणीपुरती ती तपासून पाहू. परभणी जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ साली झाली आणि त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर सदस्य नाहीत, सभापती नाहीत. प्रशासक आला आणि राहिला. पंचायत समित्यांची तीच गत, महानगरपालिकेचीही तीच. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचे फर्मावले, तेव्हा कुठे चक्रे हलली. महापालिकेचे मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे ज्या काळात परभणीचा नागरिक इतिहासात कधी नव्हता इतका ‘बोलत’ होता, नेमक्या त्याच काळात शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी यांचा कारभार पाहणारे त्याचे स्वतःचे एकही निवडलेले सभागृह जिल्ह्याच्या ठिकाणी जिवंत नव्हते. पंचायत समितीच्या बैठकीत काय ठरले हे जिंतूरच्या तरुणाला सांगता येत नाही, यात त्याचा एकट्याचा दोष कसा मानावा? बैठक भरवायला समितीच नव्हती. लोकशाहीचा हा तळच जवळपास चार वर्षे काढून घेतला गेला आणि त्यावर ना मोर्चे निघाले, ना पडद्यावर गदारोळ उठला. तळापर्यंत झिरपलेली लोकशाही ती हीच काय?

असे का घडते हे समजून घ्यायचे तर नीतिशास्त्र सोडून अर्थशास्त्राकडे वळले पाहिजे. समाजमाध्यमे वापरणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. पण फुकट वस्तू देणारा दुकानदार दानशूर असतो असे मानायला कोणताही शहाणा माणूस बाजारात तयार होत नाही. इथे मात्र सारा समाज तयार झाला. फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते आणि त्यातला जवळजवळ सगळा पैसा, शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग, जाहिरातींचा होता. जाहिरातदार या कंपनीकडून काय विकत घेतो? तो माणसाची नजर विकत घेतो. जितका वेळ नजर पडद्यावर, तितका माल जास्त. वाचक हा या धंद्यात गिऱ्हाईक नसून पीक आहे. आणि जमीनदाराला जसा खंड मिळतो, तसा या नव्या मालकांना माणसांच्या फुरसतीवर खंड मिळतो. कुळाने नांगरावे, पेरावे, राखावे. हजारो लोकांनी रात्रंदिवस फुकट लिहावे, गावे, भांडावे. खळ्यावर रास मालकाची.

हा खंड वसूल करण्याची व्यवस्था भारतात कशी उभी राहिली, त्याचा इतिहास फार जुना नाही. फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ नावाची योजना आणली होती. गरिबांना फुकट इंटरनेट, पण कंपनी ठरवील तेवढेच. तिच्या समर्थनार्थ वर्तमानपत्रांतून पानपानभर जाहिराती झळकल्या. सुदैवाने देशात त्या वेळी जागे असलेले काही लोक होते, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. पुढच्या दाराने न आलेली गोष्ट मागच्या दाराने आली. त्याच वर्षीच्या ५ सप्टेंबरला जिओ अवतरले; मार्च २०१७ पर्यंत सगळे फुकट. स्पर्धक कंपन्या धापा टाकू लागल्या, काही मेल्या, काही एकमेकींत विलीन झाल्या. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ४३,५७४ कोटी रुपये घालून ९.९९ टक्के हिस्सा घेतला. आणि जुलै २०२४ मध्ये, लोकसभेचे मतदान उरकल्यानंतर महिन्याभरात, उरलेल्या तिन्ही खाजगी कंपन्यांनी मागेपुढे एकाच सुमारास दर वाढविले. आधी तोट्यात विकून पेठ ताब्यात घ्यायची आणि मग भाव चढवायचा, हे मक्तेदारीचे तंत्र अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडते. पाथरीच्या मजुराला ते पुस्तक वाचावे लागले नाही; रिचार्ज महागल्यावर ते त्याला कळले.

फुटबॉलचे उदाहरण इथे मुद्दाम घ्यावेसे वाटते, कारण खेळ निष्पाप असतो असा आपल्याकडे समज आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद २००९ पासून २०२२ पर्यंत महाराष्ट्राच्याच एका वजनदार राजकीय नेत्याकडे, प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. मुदत उलटूनही निवडणूक झाली नाही, म्हणून मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यकारिणी दूर केली. ऑगस्टमध्ये जागतिक महासंघाने भारताला काही दिवस निलंबितही केले. याच कारकिर्दीत, डिसेंबर २०१० मध्ये, महासंघाने भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी सातशे कोटी रुपयांच्या करारावर रिलायन्सच्या भागीदारीतील कंपनीला देऊन टाकले होते. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली. आता साखळी नीट पाहावी. खेळाचे हक्क ज्या घराण्याकडे, मोबाईलची वाहिनीही त्याच घराण्याची. २०२२ चा विश्वचषक फुकट दाखविणारा जिओसिनेमा त्याच घराण्याचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टारचे विलीनीकरण पुरे झाल्यावर खेळ दाखविणाऱ्या पडद्याचा मोठा भाग त्याच घराण्याच्या कह्यात. नेटवर्क १८ च्या वृत्तवाहिन्या २०१४ पासून त्याच घराण्याच्या. सामना, सामन्याची बातमी, बातमीवरची बाचाबाची आणि बाचाबाची वाहून नेणारी तार, या साऱ्यांचा धनी एक. मधू लिमये किंवा जॉर्ज फर्नांडिस यांच्या काळात संसदेत एकेका घराण्याच्या एकेका परवान्यावरून दिवसदिवस रणे माजत. आज एवढी साखळी डोळ्यांसमोर जोडली गेली आणि विरोधी बाकांवरूनही ‘ट्वीट’ करण्यापलीकडे कोणाची मजल गेली नाही.

त्या पंधरा वर्षांच्या कराराने भारतीय फुटबॉलचे काय भले झाले? करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला. त्याआधीच, नूतनीकरणाचा घोळ मिटत नाही म्हणून, २०२५ साली लीगचा हंगाम सुरूच झाला नाही. काही क्लबांनी काम थांबविले, खेळाडूंनी याच समाजमाध्यमांवरून आम्हाला खेळू द्या अशी सामूहिक विनवणी केली. ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हार पत्करून भारत २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतूनही बाद झाला होता. आणि करार संपल्यावर आठवडाही उलटला नव्हता तोच मेस्सी आला. १३ डिसेंबरला कोलकात्यात हजारो रुपये मोजून आलेल्या प्रेक्षकांना पुढाऱ्यांच्या आणि मान्यवरांच्या गराड्यात तो दिसलाच नाही, म्हणून खुर्च्या उडाल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर तो शिस्तीत दिसला आणि मुख्यमंत्र्यांसह सगळ्यांची छायाचित्रे निघाली. देशातले व्यावसायिक फुटबॉल बंद पडलेले असताना देशभर फुटबॉलचा जयघोष चालला होता, ही विसंगती कोणाच्या ध्यानात आली? पडद्यावर फुटबॉल होते ना! मग मैदानावर नसले तर काय बिघडले?

महाराष्ट्र शासनाची फुटबॉलभक्ती याच जातीची आहे. १५ सप्टेंबर २०१७ रोजी दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावे असा सोहळा झाला, शाळाशाळांत चेंडू गेले, मंत्र्यांनी चेंडूला लाथा मारल्या, आणि छायाचित्रे दिल्लीपर्यंत पोहोचली. सोळा तारखेचे काय, हे विचारण्याची प्रथा आपल्याकडे नाही. मराठवाड्यातल्या किती शाळांना सपाट मैदान आहे आणि किती शाळांच्या मैदानावर आठवडी बाजार भरतो, हे ज्याने त्याने आपापल्या गावात जाऊन पाहावे.

याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तिथले फुटबॉल कोणत्या कंपनीने आणले नाही. ते पेठांचे आणि तालमींचे आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तिथल्या पोराला माद्रिद आणि म्युनिकच्या आधी कळतात. शाहू स्टेडियमवर जो हुल्लड करतो त्याला समोरच्या पेठेतला खेळाडू कोणाचा मुलगा आहे हे ठाऊक असते. भांडण होते तेही ओळखीच्या माणसाशी होते, आणि म्हणून ते मिटते. आणि याच कोल्हापुरात ७ जून २०२३ रोजी काही मुलांनी मोबाईलवर ठेवलेल्या ‘स्टेटस’च्या निमित्ताने बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, दुकाने फुटली, आणि इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या नगरीत तालमीने जे शंभर वर्षे राखले ते पडद्याने एका दिवसात उधळले. शहर तेच होते. माणसाला माणसासमोर उभे करणारी व्यवस्था एकीकडे आणि त्याला चेहरा नसलेल्या शत्रूसमोर उभे करणारी दुसरीकडे, इतकाच काय तो फरक.

अफवेला मोबाईलच लागतो असे मात्र कोणी समजू नये. १९७८ च्या जुलैअखेरीस विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला, दलित वस्त्या जळल्या, तेव्हा कोणाच्या खिशात पडदा नव्हता. जात होती, जमीन होती, आणि त्या काळच्या पुढाऱ्यांची व पत्रकारितेची जबाबदारीही होती; समाजवादी म्हणविणाऱ्यांतलेही काही त्या वेळी कुठे उभे होते, हे आठवणे अनेकांना आजही गैरसोयीचे वाटते. द्वेष समाजात असतोच. प्रश्न असा की त्या द्वेषावर धंदा कोणाचा चालतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळविणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरलेली होती. कंपनीने त्याच महिन्यात काय केले? एक मजकूर भारतात एकाच वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडता येणार नाही, अशी मर्यादा घातली. पाच माणसे मेली तेव्हा पाचाचा आकडा सुचला. ही मर्यादा आधी घालता आली नसती का? अर्थातच आली असती. पण मजकुराचा वेग हाच जिथे माल, तिथे आपण होऊन वेग कमी करणारा मालक अजून जन्मायचा आहे.

वेगाची ही बाजारपेठ कोणती बातमी उचलते आणि कोणती टाकते, हे २०२५ च्या पावसाळ्यात परभणीला पाहता आले. अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के जकात लादली, त्या झटापटीत केंद्र सरकारने कापसावरचे अकरा टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, आणि मग २८ ऑगस्टच्या घोषणेने थेट ३१ डिसेंबरपर्यंत. परदेशी कापूस विनाशुल्क येणार तो नेमका मानवत आणि सेलूच्या बाजारात नवा कापूस उतरण्याच्या महिन्यांत. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये कागदावर राहिला आणि खाजगी खरेदीचे दर त्याच्या खाली. परभणी जिल्ह्यातल्या घराघरावर याहून थेट घाव घालणारा दिल्लीचा दुसरा निर्णय त्या वर्षी क्वचितच झाला असेल. पण या निर्णयाला चेहरा नाही. त्यात कोणी कोणाला शिवी दिली नाही, कोणाचा अपमान झाला नाही. सप्टेंबरात भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यात कर्णधाराने हस्तांदोलन केले नाही. त्या न झालेल्या हस्तांदोलनावर देशाचे किती तास खर्ची पडले याची गणती नाही. त्याच सप्टेंबराच्या शेवटच्या आठवड्यात मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्या शिवारात शिरल्या, सोयाबीन सडले, माती खरवडून गेली. पुराची चित्रे पडद्यावर आली खरी. पाण्यात उभा राहून रडणारा शेतकरी आला. त्याच्या नुकसानभरपाईचे हेक्टरी निकष, विमा योजनेतून त्याच वर्षी वगळलेल्या स्थानिक आपत्तीच्या तरतुदी, हे मात्र आले नाही. अश्रू विकले जातात. निकष विकले जात नाहीत.

आणि परभणीचे स्वतःचे जे सर्वांत मोठे दुःख, तेही याच तराजूत तोलले गेले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ ठेवलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ. त्यानंतर वस्त्यांत शिरून पोलिसांची धरपकड. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा अभ्यास करणारा, भटक्या समाजातून आलेला तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. शवविच्छेदनाने अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदविले. विधिमंडळात मुख्यमंत्र्यांनी पोलिसी छळाचा आरोप नाकारला. पोलिसांच्या लाठ्यांची जी काही चित्रे देशाला दिसली ती लोकांनी आपल्या मोबाईलवर टिपलेली होती, हे मान्य केलेच पाहिजे. ती नसती तर ‘वस्तीत काहीच झाले नाही’ हे सरकारी वाक्य कदाचित पचले असते. या माध्यमांचे हे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु पुढचा भागही पाहावा. त्याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अमानुष हत्या झाली होती. ते प्रकरण महिनोन्‌महिने धुमसले. आरोपपत्र फेब्रुवारीअखेर न्यायालयात गेले, त्यात सारे काही होते. तरी मंत्री धनंजय मुंडे जागेवर होते. ३ मार्च २०२५ रोजी आरोपपत्रातली छायाचित्रे बाहेर आली, घराघरांत माणसे ती पाहून सुन्न झाली, आणि ४ मार्चला राजीनामा आला. कारणे मंत्र्यांनी आपली निराळी सांगितली. म्हणजे शब्दांत लिहिलेला खून शासनाला पचत होता, चित्रातला पचला नाही. मग ज्याच्या मृत्यूचे चित्रच नाही त्याने काय करावे? कोठडीच्या भिंतीआड कोणी मोबाईल धरलेला नसतो. सोमनाथच्या आईने हा लढा पडद्यावर नव्हे, न्यायालयात रेटला. कार्यकर्ते जानेवारीच्या थंडीत परभणीहून मुंबईच्या दिशेने पायी निघाले आणि नाशिकपर्यंत चालत गेले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, आणि त्याविरुद्ध धावलेल्या राज्य सरकारला सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात परत पाठविले. सात महिने लागले, नुसता गुन्हा नोंदवायला. त्या सात महिन्यांत पडद्यावरचा ओघ किती वेळा कूस बदलून गेला असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

काही जण म्हणतील, पूर्वीची वर्तमानपत्रे तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? नव्हतीच. ती भांडवलदारांची होती, साखरसम्राटांची होती, पुढाऱ्यांच्या दावणीला बांधलेलीही होती. परंतु त्यांत काय छापले आणि काय गाळले, हे दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला सारखेच दिसे. अनंत भालेरावांच्या ‘मराठवाडा’चा अग्रलेख परभणीत आणि नांदेडात एकच असे, त्याच्याशी भांडायचे तर कोणाशी आणि कोणत्या वाक्यावर भांडायचे हे ठाऊक असे. आणीबाणीत अभ्यवेक्षक आला तेव्हा इंडियन एक्स्प्रेसने २८ जून १९७५ च्या अंकात अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा लाखो लोकांनी वाचली. आजच्या पडद्यावर कोरी जागा नसते. एका घरातल्या बापाला, लेकाला आणि सुनेला तीन निराळे देश दिसतात. कोणाला काय दाखविले नाही हे कोणालाच कळत नाही. मजकुराचा क्रम लावणारे गणित कंपनीचे गुपित आहे. आणि सरकार जेव्हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखाली एखादा मजकूर बंद करविते, तेव्हा २००९ च्या नियमांप्रमाणे तो आदेशही गोपनीय. दोन गुपितांच्या मधल्या फटीतून जे गळते त्याला आपण सार्वजनिक चर्चा म्हणतो. केंद्राने आपल्याविषयीच्या मजकुराचा खरेखोटेपणा आपणच ठरविण्याची ‘फॅक्ट चेक’ यंत्रणा काढली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ रोजी ती रद्दबातल ठरविली. हा विजय मोठा होता. पण जुलमी सरकारपासून वाचविलेला मजकूर नफेखोर गणिताच्याच हाती राहणार असेल तर तो अर्धा विजय आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांनीही या आरशात एकदा पाहावे. ज्या तालुक्यात पूर्वी पक्षाचे दहा लोक सायकलवरून गावोगाव फिरत, तिथे आता दोनशे जणांचा व्हॉट्सॲप गट आहे आणि सायकल नाही. निषेधाचे पत्रक तयार होते, गटात पडते, त्यावर अंगठे उमटतात, आणि ज्याच्याविरुद्ध निषेध तो तहसीलदार सुखाने घरी जातो. प्रतिपक्षाकडे पगारी फौजा आहेत, पैसा आहे, मालकांशी सलगी आहे; मालकाच्या मैदानावर, मालकाच्या नियमांनी आणि मालकाच्या पंचाकडून सामना जिंकण्याची उमेद बाळगणे यापेक्षा भाबडेपणा तो कोणता?

सुनील छेत्रीचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला ५-० असे हरविले, छेत्रीने तीन गोल मारले, आणि पाहायला अवघे अडीच हजारांच्या आसपास लोक. परदेशी संघांसाठी मध्यरात्री जागणाऱ्या देशाला आपला कर्णधार पाहायला यावेसे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत टाकली. तुम्ही आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन करा, अशी त्याची विनवणी होती. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. माध्यमाचा असाही उपयोग होतो, आणि तो उपयोग करणारा माणूस लोकांना पडद्यापासून उठवून मैदानाकडे नेतो. चळवळींनी या माध्यमांवर जायचे तर एवढ्याच कामासाठी जावे.

बाकीची लढाई जुन्याच ठिकाणी आहे आणि तिच्या मागण्या सरळ मांडता येतात. मोबाईलच्या दरांवर नियामकाने बोट ठेवावे आणि ठरवून केलेल्या दरवाढीची चौकशी व्हावी. मजकुराचा क्रम लावणारे गणित संसदेच्या समितीपुढे उघडे करण्याची सक्ती कायद्याने व्हावी. ६९-अ खालच्या प्रत्येक आदेशाला प्रसिद्धी मिळावी. वाहिनी, वृत्त आणि खेळ यांची मालकी एका हाती राहू नये, यासाठी मक्तेदारीविरोधी कायद्याला दात यावेत. परभणीच्या आकाशवाणी केंद्राला जिल्ह्याच्या बातम्यांसाठी माणसे आणि वेळ द्यावा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या गावोगावच्या वाचनालयांचे अनुदान वेळेवर आणि पोटापुरते मिळावे, म्हणजे तिथे चार वर्तमानपत्रे तरी येतील. आणि जिल्हा परिषदेत बसणाऱ्या प्रत्येक सदस्याला पहिल्या बैठकीत दोन प्रश्न विचारले जावेत. प्रशासकाच्या काळात झालेल्या खर्चाचा तपशील गावागावांच्या चावडीवर केव्हा लावणार, आणि आपल्या गटातल्या किती शाळांना मैदान आहे? उत्तर लेखी मागावे, आणि ते घ्यायला स्वतः जावे.